नावेचे हँडल एका बाजूला का ओढते?

तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेजमागे साठलेल्या पाण्यात, हतनूरच्या जलाशयात, उकाई धरणाच्या नंदुरबार-नवापूरकडे पसरलेल्या फुगवट्यात किंवा अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तरेला नर्मदेच्या खोल पाण्यात, नावेच्या मागच्या फळीवर टांगलेले इंजिन ज्याने तासभर हाताळले आहे, त्याला या लेखाचा विषय सांगावा लागणार नाही. वेग वाढवला की हँडल हळूहळू डावीकडे जाऊ पाहते, ते धरून ठेवताना खांदा भरून येतो, आणि हात क्षणभर सैल पडला तर नावेचे तोंड उजवीकडे फिरते. अहिराणीत याला «मशीन हात वढस» असे तीन शब्दांत म्हणता येते. इंग्रजी पुस्तके याच ओढीला स्टीअरिंग टॉर्क म्हणतात. टॉर्क म्हणजे पीळ, एखादी वस्तू आसाभोवती फिरवू पाहणारा जोर.

ही ओढ केवळ गैरसोयीची आहे असे नाही. धुळ्यात तुकडी असलेले राज्य आपत्ती प्रतिसाद दल पुराच्या वेळी ज्या रबरी बोटी वापरते, तशा हलक्या बोटींवर पंचवीस-चाळीस अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले असते (त्या क्षेत्रातले लोक त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात), आणि पूर्ण वेगात अशा बोटीचे हँडल हातातून सुटले तर इंजिन क्षणात एका कडेला वळते, बोट तीव्र गिरकी घेते आणि हँडलवरचा माणूस पाण्यात फेकला जातो. त्यानंतर रिकामी बोट पंखा फिरवत त्याच्याभोवतीच घिरट्या घालू शकते. इंजिनासोबत मिळणारी, मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची, ओढली गेल्यास इंजिन बंद करणारी लाल दोरी याचसाठी असते. आपल्याकडे ती बहुधा हँडललाच गुंडाळून ठेवलेली दिसते, आणि तेथे तिचा काडीचाही उपयोग नाही.

ओढीचे कारण विचारले तर पहिले उत्तर सहसा असे मिळते, की इंजिनाचा जोर जास्त आहे, म्हणून ते हँडल फिरवते. हे उत्तर पटण्यासारखे असले तरी चुकीचे आहे. इंजिनाचा उभा दांडा खाली गिअरपेटीत जातो, तेथे गिअरच्या मदतीने फिरण्याची दिशा आडवी होते आणि पंखा फिरतो. या उभ्या दांड्यात पीळ असतो हे खरे, परंतु वरचे इंजिन आणि खालची गिअरपेटी हे दोन्ही एकाच अंगाचे भाग आहेत आणि हँडल फिरवले की दोन्ही एकत्रच फिरतात. पिठाच्या गिरणीत मोटार आणि जाते एकाच लोखंडी चौकटीवर बसवलेले असतील, तर पट्ट्याचा ताण त्या चौकटीतच जिरतो, चौकट जागची सरकत नाही. येथेही तसेच होते. उभ्या दांड्याचा पीळ वर जेवढा एका दिशेला, तेवढाच खाली उलट दिशेला, आणि बेरीज शून्य. हातापर्यंत जो जोर पोहोचतो, तो पाण्याकडून येतो.

पाण्याकडून तो कसा येतो, हे शेतातल्या बैलजोडीवरून फार लवकर समजते. जुवाला दोन बैल जुंपले, दोघांचा जोर सारखा असला, तर नांगर सरळ चालतो. उजवा बैल अधिक ताकदीचा असला, तर जुवाचे उजवे टोक पुढे जाते आणि जू तिरके होते. नावेच्या पंख्यालाही असेच दोन बैल आहेत असे समजावे. पंखा फिरत असताना कोणत्याही क्षणी त्याचे एक पाते उजव्या बाजूला खाली उतरत असते आणि दुसरे डाव्या बाजूला वर चढत असते. दोन्ही बाजूंचा रेटा सारखा असेल, तर एकूण रेटा बरोबर मधून, म्हणजे इंजिन ज्या उभ्या आसाभोवती फिरते त्याच्या सरळ रेषेतून जातो आणि हँडल शांत राहते. उजव्या बाजूचा रेटा जास्त झाला, की एकूण रेट्याची रेषा किंचित उजवीकडे सरकते आणि इंजिनाला पीळ बसतो. इंजिनाचे पुढचे टोक, म्हणजे हँडल, डावीकडे जाते. मागचे टोक, म्हणजे पंखा, उजवीकडे जातो. आणि पंखा उजवीकडे गेला की नावेचे तोंडही उजवीकडे वळते.

हे सरकणे किती थोडे असते आणि हाताला किती जड जाते, ते एका हिशेबाने पाहू. समजा पंख्याचा रेटा १५० किलोइतका आहे आणि त्याची रेषा आसापासून फक्त १ सेंटिमीटर बाजूला गेली आहे. हँडलची लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर ते सरळ ठेवण्यासाठी हाताला सतत अडीच किलोचा जोर लावावा लागेल. तीच रेषा ३ सेंटिमीटर सरकली, तर साडेसात किलो. अडीच किलोची पिशवी उचलण्यात काही विशेष नाही, पण हात आडवा धरून ती तासभर तशीच तोलून ठेवणे वेगळे.

आता मूळ प्रश्न असा, की उजव्या पात्याचा रेटा जास्त का व्हावा. एकच इंजिन असलेल्या बहुतेक नावांवर उजवा पंखा असतो, म्हणजे मागून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याचे उजवीकडचे पाते खाली उतरते आणि डावीकडचे वर चढते. पंख्याचा आडवा दांडा वाहत्या पाण्याला अगदी समांतर असेल, तर दोन्ही पात्यांना पाणी सारखेच भेटते. पण इंजिनाचे खालचे टोक नावेकडे आत ओढलेले असेल, तर दांड्याचे मागचे टोक खाली झुकते आणि पंख्याचे वर्तुळ तिरके होते. त्या तिरक्या वर्तुळात खाली उतरणारे पाते पाण्याच्या समोर थोडे पुढे जात उतरते, तर वर चढणारे पाते पाण्याबरोबर मागे जात चढते. प्रवाहाच्या विरुद्ध चालणाऱ्याला पाणी जोरात लागते आणि प्रवाहाबरोबर चालणाऱ्याला लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. उतरणाऱ्या उजव्या पात्याला पाण्याची घट्ट पकड मिळते, त्याचा रेटा वाढतो आणि उजवा बैल पुढे जातो.

दुसरे कारण पाण्याच्या पृष्ठभागाशी संबंधित आहे. वरचे पाते पृष्ठभागाजवळ फिरते. तेथे नावेच्या तळाने ढवळलेले, हवेचे बुडबुडे मिसळलेले पाणी असते आणि त्यात पकड कमी मिळते. खालचे पाते घट्ट, शांत पाण्यात फिरते. त्यामुळे पंखा अंशतः चाकासारखा वागतो. बैलगाडीचे चाक जमिनीला धरून एका बाजूला चालते, तसा हा पंखा खालच्या घट्ट पाण्याला धरून उजवीकडे चालू पाहतो. इंजिन जितके उंच बसवलेले, तितका हा परिणाम ठळक. इंजिन आत ओढलेले असेल, तर ही दोन्ही कारणे एकाच दिशेला काम करतात, आणि म्हणूनच आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी नाव उजवीकडे जाण्याच्या असतात.

कारण कळले, की उपायांचा क्रमही कळतो. पण त्याआधी एक तपासणी करावी, जी दोन मिनिटांची असून बहुतेक जण करत नाहीत. नाव काठाला बांधलेली असताना, इंजिन बंद ठेवून, हँडल किंवा स्टीअरिंगचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. ते तेव्हाही जड लागत असेल, तर तो दोष पाण्याचा नाही, घर्षणाचा आहे. ओढ एका बाजूला असते, घर्षण दोन्ही बाजूंना असते, आणि या दोहोंची गल्लत झाली की माणूस पंखा बदलत बसतो. इंजिन ज्या उभ्या दांड्याभोवती फिरते, तेथे ग्रीस भरण्याची निपल असते; गाळाच्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनात तेथील जुने ग्रीस वाळून दगड होते. चाकाने चालणाऱ्या नावेत केबलचे टोक इंजिनाजवळच्या नळीतून सरकते, आणि त्या नळीत गंज धरला, की चाक दोन हातांनीही फिरत नाही. अशा केबलला जोर लावून सोडवू नये. ती तुटली तर भर पाण्यात तुटेल.

हँडलच्या इंजिनांवर घर्षण कमीजास्त करण्याचा एक स्क्रू किंवा खटका असतो. तो आवळला, की हँडल सोडल्यावरही जागच्या जागी राहते, म्हणून अनेक नावाडी तो घट्ट आवळून टाकतात. माझ्या मते ही चुकीची सवय आहे, कारण समोर अचानक ओंडका किंवा मासेमारीच्या जाळ्याचा तरंगता डबा आला, तर तेच हँडल वेळेवर वळत नाही. थोडासा आवळावा, तोही बाकीचे उपाय करून झाल्यावर.

पहिला खरा उपाय म्हणजे ट्रिम, म्हणजे इंजिनाचा पुढे-मागे कल. मोठ्या इंजिनांवर तो बटणाने बदलतो. लहान इंजिनांवर मागच्या फळीला धरणाऱ्या कंसात चार-पाच छिद्रे असतात, त्यांतून एक आडवी पिन घातलेली असते आणि ती एक छिद्र बाहेर सरकवली, की इंजिनाचे खालचे टोक नावेपासून थोडे दूर जाते. इंजिन आत असताना ओढ उजवीकडे असते, ते बाहेर काढत गेलो की ओढ कमी होत जाते, एका ठिकाणी ती जवळजवळ नाहीशी होते, आणि त्यापुढेही बाहेर काढले, तर ती उलटून डावीकडे लागू शकते. मधले ते ठिकाण म्हणजे पंख्याचा दांडा वाहत्या पाण्याला समांतर झाल्याची खूण आहे, आणि बहुधा तेथेच नाव कमी इंधनात जास्त पळते. मात्र हावरेपणा करू नये. इंजिन फार बाहेर काढले, तर नावेचे तोंड वर उचलले जाते आणि सारंगखेड्याच्या बाजारातल्या नव्या घोड्यासारखी ती उसळ्या मारू लागते. पंखा वळणावर हवा ओढतो, इंजिन मोकळेच घोंगावते आणि पकड जाते. पिन बदलताना इंजिन बंद असावे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

दुसरा उपाय ट्रिम टॅबचा आहे. पंख्याच्या बरोबर वर, मोठ्या आडव्या पट्टीच्या खालच्या बाजूला, माशाच्या पराएवढी एक लहान उभी पट्टी एका बोल्टने लावलेली असते. तिला अनेक जण नुसता झिंकचा तुकडा समजतात, कारण तिचे दुसरे काम खरोखर तेच आहे. ती स्वतः झिजते आणि इंजिनाचे ॲल्युमिनियम वाचवते. म्हणूनच तिला रंग लावू नये. झिंकचा तुकडा समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी योग्य असतो; तापी-नर्मदेच्या गोड्या पाण्यात त्याच्यावर थर बसून तो निकामी होतो, म्हणून गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा मागून घ्यावा.

पण तिचे पहिले काम सुकाणूचे आहे. पंख्याने मागे फेकलेले पाणी तिच्यावर आदळते, आणि ती किंचित तिरकी लावली, तर त्या पाण्याच्या जोरानेच इंजिनाला उलटा पीळ बसतो. नियम असा, की नाव ज्या बाजूला ओढली जाते, त्याच बाजूला पट्टीचे मागचे टोक फिरवावे. नाव उजवीकडे जात असेल, तर टोक उजवीकडे. हा नियम प्रथम ऐकताना उलटा वाटतो, आणि मीही एकदा तो उलटाच केला होता. मग दोन्ही हातांनी हँडल धरून काठाला यावे लागले. त्याचे कारण असे आहे. टोक उजवीकडे असले, की पट्टी पाण्याला उजवीकडे ढकलते, पाणी पट्टीला डावीकडे ढकलते, आणि उजवीकडे पळू पाहणारा पंखा पुन्हा मध्यावर येतो. शेतकरी जुवाचा मधला बांध ताकदीच्या बैलाकडे थोडा सरकवून जोडी सारखी करतो. बैल बदलत नाही, फक्त भार वाटून देतो. पट्टीही तेवढेच करते.

हे काम वाऱ्याच्या आणि ओढत्या प्रवाहाच्या वेळी करू नये, कारण मग ओढ कशाची आहे हे कळत नाही. हतनूरच्या मागे, चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा मिळतात त्या बाजूचे सकाळचे शांत पाणी किंवा त्यासारखा कोणताही रुंद, सरळ पट्टा यासाठी चांगला. मात्र धरणाच्या दरवाजांपासून दूर राहावे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि पावसाळ्यात ते उघडले जातात, तेव्हा तेथे कसलीही चाचणी करू नये. नेहमीच्या वेगाने सरळ जाऊन हाताला ओढ कोणत्या बाजूची लागते ते पाहावे, काठाला येऊन इंजिन बंद करावे, सुरक्षा दोरी काढावी, पट्टीची मूळ जागा खडूने किंवा पेनाने आखावी, बोल्ट सैल करून टोक अगदी थोडे, चार-पाच मिलिमीटर, फिरवावे, बोल्ट पुन्हा घट्ट करावा आणि परत जाऊन पाहावे. तीन-चार फेऱ्यांत जमते. एकाच वेळी बोटभर फिरवणाऱ्याला सहसा सात-आठ फेऱ्या लागतात.

या पट्टीची एक मर्यादा आहे. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट, आणि कल बदलला की ओढही बदलते. म्हणून एकाच जागी घट्ट केलेली पट्टी एकाच वेगाला आणि एकाच कलाला पूर्ण लागू पडते. शिवाय ती पाण्यात असेल तरच काम करते. काही इंजिने वेगाच्या हौसेने इतकी उंच बसवलेली असतात, की धावताना ही पट्टी पाण्याबाहेर येते, आणि मग ती कितीही फिरवा, फरक शून्य.

येथे उंचीचा विषय येतो. पंख्यावरची मोठी आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीला किंवा तिच्या किंचित वर असावी, हा सर्वसाधारण ठोकताळा आहे. इंजिने साधारण १५, २० आणि २५ इंचांच्या फळीसाठी वेगवेगळ्या लांबीची मिळतात. जुन्या लाकडी नावेवर दुसरीकडून आणलेले इंजिन टांगताना हे माप कोणी घेत नाही. २० इंचांच्या फळीवर १५ इंचांचे इंजिन टांगले, तर पंखा पृष्ठभागाजवळ येतो, हवा ओढतो आणि चाकासारखा एका बाजूला चालू लागतो. उलट केले, तर ओढ कमी होते, पण इंजिन नांगरासारखे पाणी फाडत जाते आणि डिझेल-पेट्रोलचा हिशेब बिघडतो. फळी बरोबर असेल आणि इंजिन थोडेच उंच असेल, तर एक छिद्र खाली घेणे हा उपाय पंखा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

ओढ पूर्वी नव्हती आणि एका दिवसापासून सुरू झाली, असे असेल तर यांपैकी काहीही करण्याआधी इंजिन वर उचलून खालचा भाग नीट पाहावा. आपल्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात उतरते, खडक आणि वाळूचे पट्टे वर येतात, आणि गिअरपेटीच्या खालचा चपटा पाखा, म्हणजे स्केग, पहिला आपटतो. तो सरळ असला तर सुकाणूचे काम करतो. वाकला तर तेच सुकाणू कायमचे एका बाजूला वळलेले राहते. पंख्याचे एक पाते वाकले असेल, तर ओढीबरोबर थरथरही जाणवते. पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेल्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने ओढ वाढत नसली, तरी तो आतल्या सीलमध्ये शिरतो आणि गिअरपेटीत पाणी जाते, म्हणून तो तेव्हाच काढावा.

चाकाने चालणाऱ्या नावेसाठी दुकानदार हायड्रॉलिक स्टीअरिंग सुचवतात. त्यात चाकाजवळच्या पंपात एकेरी झडपा असतात. चाकाकडून तेल पुढे जाते, पण इंजिनाकडून आलेला जोर मागे चाकापर्यंत पोहोचत नाही. केबलमध्येही असा परतीचा जोर अडवणारा प्रकार मिळतो. मोठ्या इंजिनाला हे आवश्यकच आहे, पंधरा-वीस अश्वशक्तीच्या नावेला नाही. खरी अडचण अशी, की या व्यवस्थेने ओढ जात नाही, ती केवळ हातापासून लपते. पंखा तिरकाच राहतो, बुश आणि बेअरिंग एका बाजूने झिजतच राहतात, आणि वाकलेला स्केग कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कल, टॅब आणि उंची आधी जमवून मगच हा खर्च करावा.

ओढ मुळापासून काढायची तर दोन उलट फिरणारे पंखे हवेत. दोन इंजिने असलेल्या बोटींवर एक उजवा आणि एक डावा पंखा लावतात, म्हणजे दोन पीळ एकमेकांना खातात. व्हॉल्व्हो पेंटाने १९८२ साली एकाच दांड्याच्या रेषेत उलट फिरणाऱ्या दोन पंख्यांची ड्युओप्रॉप व्यवस्था आणली, आणि सुझुकीने २०१७ साली ३५० अश्वशक्तीच्या टांगत्या इंजिनात तीच कल्पना वापरली. नंदुरबारच्या काठावर हे इंजिन दिसण्याची शक्यता मला कमी वाटते.

राहता राहिला भार. हँडलचा माणूस बहुधा उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने हँडल धरतो, त्याच्या मागे-पुढे पेट्रोलचा डबा, पोती, दोन प्रवासी, आणि नाव मागे आणि एका बाजूला बसते. नाव मागे बसली, की तिच्याबरोबर इंजिनही कलते, पंख्याचा दांडा पुन्हा खाली झुकतो आणि नुकतीच घालवलेली ओढ परत येते. सकाळी रिकाम्या नावेत बसवलेला टॅब संध्याकाळी बाजारचा माल आणि दहा माणसे घेऊन येताना लागू पडत नाही, तो याचमुळे. म्हणून चाचणीच्या वेळी नावेत तेवढेच वजन, तेवढ्याच जागी ठेवावे, जेवढे घेऊन ती सर्वात लांब पल्ल्याची फेरी करते. माणसे मिळाली नाहीत, तर वाळूची पोतीही चालतात.